लाल बटू ताऱ्यांचे ग्रह : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात प्रॉक्झिमा या सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळच्या लाल बटू, म्हणजे सूर्याहून कितीतरी लहान, थंड आणि मंद ताऱ्याविषयी आणि २०१६ मध्ये त्याच्याभोवती सापडलेल्या ग्रहाविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पृथ्वीसारखा ग्रह सापडल्याची बातमी येते तेव्हा तो बहुधा एखाद्या मंद, लाल ताऱ्याभोवतीच असतो. सूर्यासारख्या ताऱ्यांना असे ग्रह नसतात, की शास्त्रज्ञांनी तिकडे पाहणेच सोडले आहे? (निवृत्त वाचक, देवळाली कॅम्प)

यांपैकी काहीच खरे नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पृथ्वीएवढा ग्रह शोधणे आजच्या उपकरणांना फार जड जाते, आणि लाल बटू ताऱ्याभोवतीचा तसाच ग्रह त्यांच्या आवाक्यात येतो, एवढेच बातम्यांच्या या कलाचे कारण आहे.

६ जून २०१२ रोजी सकाळी झालेले शुक्राचे अधिक्रमण आपण पाहिले असेल, तर सूर्यबिंबावरून सरकणारा तो काळा ठिपका आपल्या स्मरणात असेल. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही. परंतु त्याच्यासमोरून ग्रह गेला तर ताऱ्याचा एकूण प्रकाश किंचित कमी होतो आणि ती घट मोजता येते. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरच्या निरीक्षकाला सूर्यप्रकाशात अवघी ०.००८ टक्के घट दिसेल, आणि तीच घट पुन्हा पाहण्यासाठी त्याला वर्षभर थांबावे लागेल. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याची त्रिज्या मात्र सूर्याच्या जेमतेम बारा टक्के, म्हणजे गुरूपेक्षा थोडीशीच मोठी आहे. त्यामुळे त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला की प्रकाश सुमारे ०.६ टक्क्यांनी उतरतो. ग्रह तेवढाच असूनही खूण सुमारे सत्तरपट ठळक होते. शिवाय या ताऱ्याचे सातही ग्रह त्याच्या इतक्या जवळून फिरतात की सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे आणि सर्वांत बाहेरच्याचे पावणेएकोणीस दिवसांचे आहे. सूर्याभोवतीच्या पृथ्वीची तीन अधिक्रमणे टिपायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल, तर येथे तेच काम काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत होते.

तिसरे कारण संख्येचे आहे. आपल्या आकाशगंगेतील सुमारे तीन चतुर्थांश तारे याच जातीचे आहेत. केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून कोर्टनी ड्रेसिंग आणि डेव्हिड शार्बोनो यांनी २०१५ मध्ये असे अनुमान काढले की पृथ्वीच्या एक ते चारपट त्रिज्या आणि २०० दिवसांपेक्षा लहान वर्ष असलेले सरासरी अडीच ग्रह अशा प्रत्येक ताऱ्याला असतात. ग्रहांचा विचार करताना सूर्यमाला हा नमुना मानण्याची आपल्याला सवय आहे. या आकड्यांपुढे ती सवय सोडावी लागते, असे मला वाटते.

प्रश्न : हे तारे इतके असतील तर मला त्यांतला एकही का दिसत नाही? नाशिकजवळून कोणता तारा पाहता येईल? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, सिन्नर)

तुझा प्रश्न अगदी नेमका आहे. लाल बटू ताऱ्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाही, कारण त्यांचा प्रकाशच फार कमी असतो. आकाशात लालसर दिसणारे ज्येष्ठा किंवा काक्षी हे तारे प्रचंड आकाराचे आहेत. त्यांचा या बटूंशी रंगापुरताच संबंध आहे.

प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर असूनही अकराव्या प्रतीचा आहे (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). १९१५ मध्ये रॉबर्ट इनिस यांनी तो शोधेपर्यंत त्याची कोणाला कल्पनाही नव्हती. नाशिकहून तो दक्षिण क्षितिजापासून सात अंशांपेक्षा फारसा वर येत नाही. मात्र मे महिन्याच्या अखेरीस रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला मोकळे क्षितिज असेल तर नरतुरंग समूहातला मित्र हा तेजस्वी तारा तुला दिसेल. प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातला आहे.

प्रत्यक्ष पाहायचाच असेल तर लालांद २११८५ हा तारा निवड. तो सप्तर्षी समूहाच्या दक्षिण भागात, आपल्यापासून ८.३ प्रकाशवर्षांवर आहे आणि साडेसातव्या प्रतीचा असल्यामुळे साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून सापडतो. एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास तो उत्तरेकडे खूप उंचावर असतो. त्यासाठी ताऱ्यांचा तपशीलवार नकाशा जवळ ठेव आणि शहरांच्या दिव्यांपासून दूर अशी जागा मोठ्या माणसांबरोबर जाऊन गाठ. त्या ताऱ्याभोवतीही ग्रह सापडले आहेत.

प्रश्न : ग्रह ताऱ्यासमोरून जात नसेल तर तो कसा सापडतो? अशा शोधांवर कितपत विश्वास ठेवावा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गंगापूर रोड)

ताऱ्यासमोरून जाणारे ग्रह हे अल्पसंख्यच असतात. ट्रॅपिस्ट-१ सारख्या ताऱ्यापासून पाणी द्रवरूप राहण्याजोग्या अंतरावर असलेला ग्रह आपल्या दृष्टिरेषेत येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के असते. इतरांसाठी ताऱ्याची हालचाल मोजावी लागते. ग्रह आणि तारा दोघेही सामायिक वस्तुमानमध्याभोवती फिरतात, त्यामुळे तारा आपल्याकडे किंचित येतो आणि दूर जातो, आणि डॉप्लर परिणामामुळे त्याच्या वर्णपटातील रेषा आलटूनपालटून निळ्या आणि तांबड्या बाजूकडे सरकतात. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग सेकंदाला ९ सेंटिमीटर आहे. प्रॉक्झिमाचे वस्तुमान सूर्याच्या बारा टक्के आहे आणि त्याचा ग्रह ११.२ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे तेथे हा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर भरतो. ग्विएम आंग्लादा-एस्कुदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलीतील ला सिया वेधशाळेच्या हार्प्स या वर्णपटलेखकाने (प्रकाशाचा वर्णपट नोंदवणाऱ्या उपकरणाने) तो पकडला, आणि २०२० मध्ये एस्प्रेसो या अधिक अचूक उपकरणाने त्याला स्वतंत्र दुजोरा दिला.

आता विश्वासाविषयी. या बाबतीत भुजंगधारी समूहातील बर्नार्डच्या ताऱ्याची कहाणी प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. हा तारा सहा प्रकाशवर्षांपेक्षा किंचित कमी अंतरावर आहे आणि आकाशात दरवर्षी १०.३ विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). इतक्या वेगाने सरकणारा दुसरा तारा माहीत नाही. अमेरिकेतील स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान द काम्प यांनी १९३८ पासून जमवलेल्या छायाचित्र-काचांवरून १९६३ मध्ये जाहीर केले की त्याच्याभोवती गुरूहून मोठा ग्रह चोवीस वर्षांत एक फेरी घेतो. दशकभर हे पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. १९७३ मध्ये जॉर्ज गेटवुड आणि हाइनरिश आइकहॉर्न यांना दुसऱ्या दुर्बिणींच्या काचांवर ते हेलकावे मिळाले नाहीत. त्याच वर्षी जॉन हर्शी यांनी दाखवून दिले की स्प्राउलच्या काचांवर इतर तारेही त्याच वेळी हललेले दिसतात, आणि त्या वेळा दुर्बिणीच्या भिंगात फेरफार केल्याच्या तारखांशी जुळतात. हेलकावे ताऱ्याचे नव्हते, दुर्बिणीचे होते.

पुढे २०१८ मध्ये याच ताऱ्याभोवती २३३ दिवसांत फिरणारा, पृथ्वीच्या तिप्पट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने मांडले. २०२१ मध्ये तो संकेत ताऱ्याच्या पृष्ठभागावरील हालचालींतून आला असल्याचे दुसऱ्या गटाने दाखवले. या वेळी उपकरण निर्दोष होते, मात्र तारा स्वतःच फसवत होता. लाल बटूंच्या पृष्ठभागावर मोठे डाग असतात. तारा स्वतःभोवती फिरताना ते एका कडेने वर येतात आणि दुसऱ्या कडेने मावळतात, त्यामुळे वर्णपटातील रेषांचा आकार बिघडतो आणि तो बिघाड ग्रहाने दिलेल्या हेलकाव्यासारखा दिसतो. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये एस्प्रेसोच्या साहाय्याने ३.१५ दिवसांत फेरी घेणारा एक लहान ग्रह जाहीर झाला आणि मार्च २०२५ मध्ये हवाईतील जेमिनी दुर्बिणीवरील मारून-एक्स या उपकरणाने त्याला आणि आणखी तीन ग्रहांना आधार दिला. चारही ग्रह पृथ्वीपेक्षा बरेच हलके आहेत आणि त्यांच्यामुळे ताऱ्याला मिळणारा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आतला आहे. दोन वेगळ्या दुर्बिणींवरच्या दोन वेगळ्या उपकरणांनी तोच ताल मोजला, म्हणून हा निष्कर्ष पूर्वीच्या दाव्यांपेक्षा भक्कम आहे. आपल्या प्रश्नाला यातून सरळ उत्तर मिळते : एका गटाच्या पहिल्या घोषणेवर थांबू नये, ताऱ्याच्या स्वतःच्या भ्रमणकाळाचा हिशेब दिला आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या उपकरणाच्या दुजोऱ्याची वाट पाहावी.

आणखी एक तांत्रिक मुद्दा आपल्याला उपयोगी पडेल. सुमारे २,७०० अंश सेल्सिअस तापमानाच्या ताऱ्याचा सर्वाधिक प्रकाश अवरक्त भागात असतो आणि डागांचा त्रासही तेथे सहसा कमी होतो. म्हणून अलीकडची काही उपकरणे मुद्दाम अवरक्तासाठी घडवली आहेत. स्पेनमधील कार्मेनेस दृश्य आणि अवरक्त अशा दोन्ही भागांत एकाच वेळी मोजते. खऱ्या ग्रहाचा हेलकावा दोन्हीकडे सारखाच यायला हवा. डागाचा परिणाम मात्र तरंगलांबीनुसार बदलतो.

प्रश्न : इतक्या लहान ताऱ्याला मोठा ग्रह असू शकतो का? (वाचक, ओझर)

असू शकतो, आणि तो सिद्धांताला अडचणीत आणतो. टेक्सासमधील एचपीएफ या अवरक्त वर्णपटलेखकाने, ज्याच्या उभारणीचे नेतृत्व सुव्रत महादेवन यांनी केले, २०२३ मध्ये एलएचएस ३१५४ या ताऱ्याभोवती किमान तेरा पृथ्वींएवढ्या वस्तुमानाचा ग्रह शोधला. त्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या केवळ अकरा टक्के आहे. असा ग्रह घडण्यासाठी ताऱ्याभोवतीच्या, ग्रह ज्यातून घडतात त्या मूळ चकतीत अपेक्षेपेक्षा किमान दहापट धूळ असायला हवी होती, असे संशोधकांचे गणित सांगते.

प्रश्न : ‘जीवनयोग्य पट्टा’ म्हणजे नेमके काय? तेथे एका बाजूला कायम दिवस असतो म्हणतात. मग तेथे काही उगवू शकेल का? (द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

निफाडच्या कडाक्याच्या थंडीत शेकोटी लहान असेल तर माणूस तिच्या अगदी जवळ सरकून बसतो. लाल बटूभोवती पाणी द्रवरूप राहण्याजोगा पट्टा याच कारणाने ताऱ्याला खेटून असतो. ट्रॅपिस्ट-१ चा प्रकाश सूर्याच्या सुमारे अठराशेव्या भागाएवढा आहे, म्हणून त्याचा ‘ई’ हा ग्रह केवळ ४४ लाख किलोमीटरवर असूनही त्याला पृथ्वीच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जाच मिळते. ‘जीवनयोग्य’ या शब्दाचा अर्थ इतकाच की योग्य वातावरण असल्यास तेथे पृष्ठभागावर पाणी टिकू शकेल. तेथे पाणी आहे, हवा आहे किंवा जीव आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि बातम्यांत हा फरक वारंवार पुसला जातो याचे मला वाईट वाटते.

इतक्या जवळच्या ग्रहाला ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या बलाने लगाम बसतो आणि चंद्राची एकच बाजू जशी नेहमी पृथ्वीकडे असते तशी ग्रहाची एकच बाजू ताऱ्याकडे राहणे अपेक्षित आहे. पूर्वी असे मानत की रात्रीच्या बाजूला हवा गोठून खाली पडेल. वातावरण पुरेसे दाट असेल तर वारे उष्णता पलीकडे पोहोचवू शकतात, असे नंतरच्या गणितांतून दिसले आहे.

उगवण्याचा प्रश्न आपण शेतकऱ्याच्या नजरेने विचारला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्या वेली प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, आणि लाल बटूच्या प्रकाशात नेमका हाच भाग फार थोडा असतो. पृथ्वीवरील काही सायनोबॅक्टेरिया मात्र ७०० नॅनोमीटरच्या थोड्या पलीकडचा प्रकाशही वापरतात. त्यांच्यातील हरितद्रव्याचा एक प्रकार २०१० मध्ये ओळखला गेला. त्यामुळे मंद लाल प्रकाशावर जगणे अशक्य ठरत नाही, पण द्राक्षबागेसारखे भरघोस पीक तेथे येईल असे मानायलाही आधार नाही.

याहून मोठी चिंता ताऱ्याच्या बालपणाची आहे. लाल बटू स्थिर होण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे आजच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. आज जीवनयोग्य पट्ट्यात दिसणारा ग्रह त्या काळात भाजून निघालेला असतो आणि त्याचे पाणी अतिनील किरणांनी फुटून त्यातला हायड्रोजन अवकाशात निघून गेलेला असू शकतो. पुढेही दीर्घकाळ तीव्र ज्वाला उसळत राहतात. दुसऱ्या बाजूने, हे तारे आपले इंधन इतक्या काटकसरीने वापरतात की त्यांचे आयुष्य लाखो कोटी वर्षांचे असते. विश्वाच्या आजवरच्या वयात त्यांतला एकही म्हातारा होऊन विझलेला नाही. नंतर ज्वालामुखींनी किंवा धूमकेतूंनी नवी हवा आणली, तर ती टिकायला वेळ भरपूर आहे.

प्रश्न : जेम्स वेब दुर्बिणीला या ग्रहांवर हवा सापडली का? विद्यार्थ्यांना काय सांगावे? (शिक्षिका, पंचवटी)

लाल बटूभोवतीच्या खडकाळ ग्रहावर वातावरण असल्याचा सर्वमान्य पुरावा अजून मिळालेला नाही, असे स्पष्ट सांगावे.

२०२३ मध्ये वेबने ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ‘बी’ ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता मोजली. ग्रह ताऱ्याच्या मागे गेल्यावर एकूण अवरक्त प्रकाशात जी घट होते ती ग्रहाच्या वाट्याची असते. त्यावरून तापमान काढता येते. ते सुमारे २३० अंश सेल्सिअस आले. दाट हवेने उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेली असती तर दिवसाची बाजू यापेक्षा थंड असती; म्हणून तेथे हवा नाही किंवा अगदी विरळ आहे. ‘सी’ ग्रहाचे तापमान सुमारे १०७ अंश भरले, आणि शुक्रासारखे कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण तेथे नाही हे स्पष्ट झाले.

दुसरी पद्धत अधिक्रमणाच्या वेळची आहे : ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो आणि त्यात त्या हवेतील वायूंच्या खुणा उमटतात. येथे पुन्हा तारा आडवा येतो. जीजे ४८६ बी या २६ प्रकाशवर्षांवरील तप्त खडकाळ ग्रहाच्या निरीक्षणांत २०२३ मध्ये पाण्याच्या वाफेसारखी खूण दिसली, पण संशोधकांनी स्वतःच लिहिले की ती ताऱ्याच्या डागांतूनही आलेली असू शकते. सूर्यावरच्या गडद डागांतही वाफेचे रेणू आढळतात. लाल बटूचे डाग तर त्याहून थंड असतात. पुढे त्या ग्रहाची उष्णता मोजली तेव्हा तो उघड्या खडकाशी जुळणारा निघाला. विद्यार्थ्यांसमोर ठेवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, कारण शंका संशोधकांनी आधी स्वतः घेतली आणि नंतर वेगळ्या मोजणीने ती तपासली गेली.

१२४ प्रकाशवर्षांवरील के२-१८ बी हा ग्रह पृथ्वीच्या २.६ पट त्रिज्येचा आहे. तो पृथ्वीसारखा खडकाळ नाही. त्यावर २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या खुणा मिळाल्या. एप्रिल २०२५ मध्ये निक्कू मधुसूदन यांच्या केंब्रिजमधील गटाने तेथे डायमिथिल सल्फाइडचा संकेत मांडला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्री सूक्ष्म जीव तयार करतात, म्हणून ती बातमी जगभर गेली. त्या संकेताची खात्री मात्र संशोधनात ‘शोध’ म्हणायला लागणाऱ्या पाच सिग्मांऐवजी तीन सिग्मांचीच होती (सिग्मा हे संकेत निव्वळ योगायोगाने आलेला नसल्याच्या खात्रीचे माप आहे), आणि त्याच निरीक्षणांचे पुन्हा विश्लेषण करणाऱ्या इतर गटांनी तो निष्कर्ष मान्य केलेला नाही. वर्गात हा विषय ‘जीवसृष्टी सापडली’ असा मांडू नये, ही विनंती.

प्रश्न : या कामात भारताचा काही वाटा आहे का? (अनेक वाचक)

आहे. ट्रॅपिस्ट-१ चे पहिले तीन ग्रह मिखाएल जिलाँ यांच्या गटाने २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हा लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीची निरीक्षणेही त्या शोधात वापरली होती. एका वेधशाळेत पहाट झाली की दुसरीकडे रात्र असावी लागते, आणि त्या साखळीत भारताचे रेखांश मोलाचे ठरतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पारस हे वर्णपटलेखक उपकरण अबूच्या गुरुशिखरावर आहे. त्याच्या साहाय्याने २०१८ मध्ये एका बाह्यग्रहाचे वस्तुमान मोजले गेले, मात्र त्याचा तारा सूर्यासारखा आहे.

प्रश्न : माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. घरच्या गच्चीवरून ग्रहाचे अधिक्रमण टिपता येईल का? (हौशी निरीक्षक, इंदिरानगर)

निश्चित येईल, पण सुरुवात ट्रॅपिस्ट-१ पासून करू नका. तो दृश्य प्रकाशात जवळजवळ एकोणिसाव्या प्रतीचा आहे.

पहिल्यांदा जंबुक समूहातील एचडी १८९७३३ हा नारिंगी तारा घ्या. तो लाल बटू नाही, पण सूर्याहून थंड आणि लहान आहे. साडेसात ते आठ यांच्यामधल्या प्रतीचा हा तारा नाशिकच्या अक्षांशावरून जवळजवळ डोक्यावरून जातो, त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि प्रकाश सुमारे अडीच टक्क्यांनी उतरतो. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यासाठी उत्तम. अधिक्रमण पावणेदोन-दोन तास चालते. त्याच्या आधी आणि नंतर किमान एक तास निरीक्षण चालू ठेवा, कारण मूळ पातळी नीट कळली नाही तर घट मोजता येत नाही. तारा तेजस्वी असल्याने प्रतिमा किंचित अस्पष्ट ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याचे पिक्सेल प्रकाशाने भरून वाहणार नाहीत. त्याच चौकटीतील, तेज न बदलणाऱ्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करून प्रकाश मोजा; शहरावरील धूसर हवेचा परिणाम त्यामुळे बराचसा निघून जातो. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या.

हे जमले की एप्रिलमध्ये सिंह समूहातील जीजे ४३६ कडे वळा. तो खरा लाल बटू आहे, साधारण अकराव्या प्रतीचा आहे आणि त्याच्या नेपच्यूनएवढ्या ग्रहामुळे प्रकाश सुमारे ०.७ टक्के उतरतो. तांबडी गाळणी लावा. हा तारा त्याच भागात अधिक तेजस्वी आहे आणि नाशिकच्या दिव्यांचा उजेडही काही प्रमाणात वगळला जातो. अधिक्रमणांच्या नेमक्या वेळा काळाबरोबर अनिश्चित होत जातात आणि मोठ्या दुर्बिणींचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्या पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. नासाचा एक्झोप्लॅनेट वॉच हा उपक्रम हौशी निरीक्षकांकडून याच नोंदी स्वीकारतो. आपला आलेख तेथे पाठवाल तेव्हा त्याची एक प्रत, वापरलेल्या तुलना-ताऱ्यांच्या नावांसह, या सदराकडेही पाठवावी.